कमरकाचा बर्फ

आईला दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यात कॉफी आली, सार आलं, ताक आलं, गोळ्या गिळायचे घोट आले. भातात मुरलेलं पाणीसुद्धा धरायचं, असं डायालिसिसच्या सिस्टरनं सांगितलं. ते कसं मोजायचं हे मात्र सांगितलं नाही. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी करते. डोळ्याला दिसणारही नाही एवढा फरक पडला तरी माल परत पाठवायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. एखादी गोष्ट मोजता येत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच संध्याकाळी मी तांदूळ आधी कोरडे तोलले, मग शिजलेला भात तोलला आणि आकडा वहीत लिहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "मला घाम येतो तोपण मोज," म्हणाली.

आईची मूत्रपिंडं रक्तदाबानं हळूहळू निकामी केली. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, बसवनगुडीतल्या आमच्या घरापासून जवळच असलेल्या एका रुग्णालयात ती चार-चार तास मशीनला जोडलेली असायची. सुयांचा तिला त्रास नव्हता, तहानेचा होता. तहान काय असते ते मी तिच्याकडे बघून शिकले. कुठे नळ सुटल्याचा आवाज आला की तिची मान वळायची. टीव्हीवर कुणी पाणी प्यायलं की ती चॅनेल बदलायची. कुंड्यांना पाणी घालायचं काम तिनं हौसेनं मागून घेतलं होतं. मग मला कळलं की ती झारी रिकामी करून झाल्यावर ओली बोटं ओठांवरून फिरवते.

एकदा दोन डायालिसिसच्या मधे तिचं वजन असायला हवं त्यापेक्षा अर्धा किलो जास्त भरलं. वहीत सगळं चोख होतं. मी दोन दिवस माझीच चूक शोधत बसले. शेवटी उलगडा झाला तो असा, की आमच्या मातोश्री सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायच्या आणि वाटेतल्या चार देवळांत तीर्थ घ्यायच्या. बसवनगुडीत देवळांना काय तोटा. त्यातल्या एका देवळातले पुजारी जुन्या ओळखीचे, ते तिला पेला भरून द्यायचे. "देवाचं पाणी कुणी मोजतं का?" असं तिनं मलाच विचारलं. मी चारही देवळांत जाऊन हात जोडून सांगून आले की हिला फक्त फूल द्या. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

बर्फाची कल्पना डायालिसिसच्या टेक्निशियनची. घोटभर पाणी एका क्षणात पोटात जातं, तेवढ्याच पाण्याचा बर्फ तोंडात पाच मिनिटं राहतो, तहानेला फसवायचा हाच एक उपाय, असं तो म्हणाला. पहिल्या दिवशी मी साध्या पाण्याचे खडे दिले. आईनं एक तोंडात धरला आणि बशीत काढून ठेवला. "आजाऱ्याचं आहे हे," म्हणाली. मग मात्र मी इरेला पेटले.

लिंबाच्या सरबतात साखर कमी पडली तर खडा दगड होतो आणि जिभेला चिकटतो. साखर जास्त झाली तर ते गोठतच नाही, रेंदा होऊन बसतं. आल्याचा रस निवळू दिला नाही तर पांढरा गाळ तळाशी राहतो आणि शेवटी घसा धरतो. पुदिना कच्चा वाटला तर फ्रीजरमधे काळा पडतो; उकळत्या पाण्यात बुडवून लगेच काढला तर हिरवागार राहतो. बडीशेप, वाळा, कोकम, सगळं करून बघितलं. आईला खड्यांपेक्षा चुरा आवडायचा, चमच्यानं खाता येतो म्हणून. त्यासाठी पसरट स्टीलच्या ताटलीत बोटभर सरबत ओतायचं, फ्रीजरमधे ठेवायचं, अर्ध्या तासानं काढून काट्यानं कडा खरवडायच्या, पुन्हा ठेवायचं. असं चार वेळा केलं की भुसभुशीत, दाणेदार चुरा होतो. मिक्सरमधून काढला तर पाच मिनिटांचं काम, पण तो चुरा लगेच पाणी सोडतो, आणि पाणी झालं की आईनं ते प्यायलंच म्हणून समजा. म्हणून मी काट्यानंच करायची. एक चमचा चुरा तोंडात किती वेळ टिकतो तेही मी घड्याळ लावून बघितलं होतं. खड्यांसाठी वेगळा साचा होता. एक खडा म्हणजे एक मोठा चमचा, पंधरा मिली, त्यात फरक नाही.

सकाळी अकरा वाजता आई वाटी-चमचा घेऊन बसायची आणि विचारायची, "आज कुठला?" मी कामावर असले तर फोन करून विचारायची. शेजारणींना सांगायची की माझी लेक मला रोज आइस्क्रीमवाल्याच्या गाडीवर नेते. मला त्याचा केवढा अभिमान होता. बढती मिळाली तेव्हाही एवढा नव्हता. मशीन तिचं रक्त धुतं, पण तिला जगावंसं वाटतं ते माझ्या फ्रीजरमुळे, असं मी मनात म्हणायची आणि एकदोनदा उघडही म्हणाले होते.

अण्णाचं इथे सांगायलाच हवं. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो देवनहळ्ळीला राहतो, विमानतळाजवळच्या एका गोदामात नोकरी करतो. एकाच शहरात आम्ही, पण जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो. दोन वर्षांपूर्वी डायालिसिस सुरू करायचं ठरत होतं तेव्हा आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. अण्णा म्हणाला, "एवढ्या वयात कशाला तिला सुया टोचायच्या? आहे तेवढं शांतपणे जगू दे तिला." आई बाहेर बाकावर होती आणि दार उघडं होतं. मी बाहेर आले आणि आईच्या देखत त्याला म्हणाले, "तुला ती मेलेली हवी आहे, असं सरळ सांग ना." तो आईच्या पाया पडला आणि गेला. त्यानंतर तो आला नाही. आईनं त्याचं नाव काढलं नाही. फक्त माझा फोन वाजला की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची, कोण आहे ते ओळखायला.

तर एका शनिवारी खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या. त्यांच्या परसात कमरकाचं झाड आहे, कन्नडमधे धारेहुळी म्हणतात. पाच कंगोऱ्यांचं पिवळं फळ, आडवं कापलं की चकती चांदणीसारखी दिसते. आंबट, रसाळ आणि थोडं तुरट. झाड लगडलं की अक्का टोपल्याटोपल्यांनी वाटतात. "तगोळ्ळी," म्हणाल्या, म्हणजे घ्या, "गोज्जू करा." मी फळ हातात घेतलं आणि मला तो आंबटगोड, आमटीसारखा गोज्जू दिसलाच नाही. मला ताटली दिसली.

फळांची एक यादी आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेली होती. केळं नको, संत्रं नको, चिकू नको, शहाळं तर मुळीच नको. सफरचंद आणि अननस बेतानं चालेल. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. कमरक त्यात नव्हतं, ना वरच्या भागात ना खालच्या. माझ्या कामात नियम असा आहे की सुट्या भागाच्या नकाशावर जे माप दिलेलं आहे ते तपासायचं. जे दिलेलं नाही त्याबद्दल आपण काही म्हणायचं नसतं. यादीत नाही, म्हणजे चालतं. हा विचार करायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नसतील.

सहा फळं किसून, पिळून, फडक्यातून गाळली. रस फिकट पिवळा निघाला. दोन चमचे साखर आणि चिमूटभर मिरपूड. पाणी मुद्दामच घातलं नाही, तेवढीच चव जास्त. अर्धा रस साच्यात, अर्धा ताटलीत. मी जीभ लावून बघितली आणि खूश झाले. इतक्या महिन्यांत एवढी चांगली चव जमली नव्हती.

रविवारी अकरा वाजता आईनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. "हे काय आहे?" म्हणाली. मी सांगितल्यावर हसली. लहानपणी त्यांच्या शाळेच्या मागे हे झाड होतं आणि मुली फ्रॉकच्या घेरात फळं भरून पळायच्या, तिखट-मीठ लावून खायच्या, हे तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं. चुरा संपवून वर एक खडा मागितला. वहीत हिशेब बसत होता, म्हणून मी दिला.

दोनच्या सुमाराला तिला उचकी लागली.

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, हे आमच्याकडे सगळे मानतात. कन्नड शेजारीही तेच म्हणतात. एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली. मी आईच्या पायांशी बसून नावं घ्यायला लागले. होसूरची मावशी झाली, कारवारची तिची मैत्रीण झाली, तीर्थाचा पेला देणारे पुजारीही झाले. आई उचक्या देत हसत होती. अक्का कपडे वाळत घालायला गच्चीवर चालल्या होत्या, त्याही दारात थांबल्या. "यारो नेनस्कोताव्रे," म्हणाल्या, कुणीतरी जोरात आठवतंय. सगळी नावं संपली. मग आईनं स्वतःच अगदी हळू आवाजात अण्णाचं नाव घेतलं.

उचकी थांबली. मोजून सांगत नाही, पण अर्धं मिनिट तरी थांबली. आईनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. मग पुन्हा सुरू झाली. "अजून काढतोय," ती म्हणाली.

तीन वाजले तरी थांबेना. पाणी देता येत नव्हतं. चिमूटभर साखर दिली. मग मला वाटलं, थंडगार काहीतरी घशाखाली उतरलं तर आराम पडेल. मी फ्रीजर उघडला आणि कमरकाचे आणखी दोन खडे तिला दिले. वहीत लिहिलं: तीन दहा, तीस मिली. माझ्याच अक्षरात आहे ते अजून.

"त्याला फोन लाव," आई म्हणाली. "विचार, आठवण काढलीस का म्हणून."

"तो आणि आठवण?" मी म्हणाले.

"स्वल्प विचारून तर बघ."

मला राग आला. मी तिच्यासाठी फ्रीजरपुढे उभी राहून काट्यानं बर्फ खरवडते, आणि उचकी लागली तर ती त्याची. मी म्हणाले की रविवार आहे, तो कामात असेल, रात्री लावू. तिनं वाद घातला नाही. "सरी, बरं," म्हणाली आणि कुशीवर वळली. उचक्या चालूच होत्या. माझ्या मनात एकदा आलं की डायालिसिसच्या सिस्टरला फोन करावा. पण उचकीसाठी कुणी रुग्णालयात फोन करतं का? हसतील, असं वाटलं.

साडेपाचला मी कॉफी घेऊन गेले तेव्हा आईनं मला तिच्या आईच्या नावानं हाक मारली. मला वाटलं थट्टा करतेय. मग ती म्हणाली, "फ्रॉक भिजला, मारू नकोस." कप धरायला हात पुढे केला तो कपाच्या एक वीत अलीकडेच मिटला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिचे डोळे माझ्यावर होते आणि त्या डोळ्यांत मी नव्हते.

ऑटोत बसवायला अक्कांनी मदत केली. वाटेत मी अण्णाला फोन केला. दोन वर्षांनी केला, आणि "आई" एवढाच शब्द बोलले. "निघालो," तो म्हणाला.

रुग्णालयात रविवारच्या पाळीला एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी रक्त काढायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि मला कन्नडमधे विचारलं, आज काय काय खाल्लं? माझी वही पर्समधेच असते. मी ती उघडून पुढे धरली, काहीशा तोऱ्यातच, खरं सांगते. बघा, सगळं मोजलेलं आहे, चूक असेल तर तुमच्या मशीनची असेल, अशा थाटात. त्या बोट फिरवत वाचत गेल्या. सकाळची कॉफी, इडली, चटणी नाही. अकरा वाजता कमरक. त्यांचं बोट तिथे थांबलं.

"कमरक म्हणजे?"

मी हातानं आकार करून दाखवला. चांदणीसारखं, म्हणाले. धारेहुळी.

त्यांनी वही मिटली नाही, बोटही उचललं नाही. वळून सिस्टरला सांगितलं की मशीन लावा, लगेच, बाकीचं मागून. मग माझ्याशी बोलल्या, अगदी सावकाश. धडधाकट माणूस हे फळ खातो आणि विसरून जातो. ज्याची मूत्रपिंडं गेली आहेत त्याच्या अंगातून ह्यातलं विष बाहेर पडत नाही, ते मेंदूत जातं. माणसं दगावतात ह्यानं. पहिली खूण उचकी.

"उचकी कधी लागली?" त्यांनी विचारलं.

"दोन वाजता."

"आता सात वाजलेत. मधे काय केलंत?"

आम्ही नावं घेत होतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते समजलं, त्याही इथल्याच. त्यांचं बोट वहीत खाली सरकलं आणि तीन दहाच्या ओळीवर येऊन पुन्हा थांबलं. "हेपण तेच?" मी मान हलवली. भिंतीला खुर्च्या होत्या, पण त्या कुणा दुसऱ्यासाठी ठेवल्या आहेत असं मला वाटलं, आणि मी खालीच बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मी एकही आकडा चुकले नाही. वहीतला प्रत्येक थेंब बरोबर होता. मी माझ्या आईला मापात, वेळेवर, मिरपूड घालून विष दिलं होतं. वर तिनं डोळे मिटून खाल्लं म्हणून खूश झाले होते.

अण्णा आठच्या पुढे आला. केस पिकले होते त्याचे. मी उठले नाही, तोच माझ्यापुढे उकिडवा बसला. "काय झालं?"

"उचक्या लागल्या," मी म्हणाले. "मग काहीबाही बोलायला लागली."

एवढंच सांगितलं. बर्फ म्हणाले नाही, फळ म्हणाले नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला काय बोलले ते मला अक्षर न् अक्षर आठवत होतं आणि त्यालाही आठवत असणार.

तेवढ्यात डॉक्टर एक कागद घेऊन आल्या. एका डायालिसिसनं भागणार नाही, बरेच तास चालवावं लागेल. झटके आले किंवा श्वास अडला तर नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागेल, त्याला घरच्यांची संमती हवी. वय बघता धोका आहे, तुम्ही विचार करून सांगा, असं त्या म्हणाल्या. पेन त्यांनी माझ्याकडे धरलं. मी हात पुढे केला नाही. अण्णानं पेन घेतलं. मला वाटलं, आता हा म्हणेल की जाऊ द्या, शांतपणे जाऊ द्या तिला. आणि म्हणाला असता तर मी कोणत्या तोंडानं अडवणार होते?

"जे लागेल ते करा," अण्णा म्हणाला. "नळी घाला, सुया टोचा, काहीही करा. फक्त थांबू नका." त्यानं कागद वाचलाही नाही. सही इतकी दाबून केली की कागद फाटला, आणि सिस्टरनं दुसरा आणून दिला. दुसऱ्यावरही त्यानं तशीच केली.

त्यानंतरचे दोन दिवस मला सलग आठवत नाहीत. आईला एकदा झटका आला. नळी घालावी लागली नाही. सोमवारी पुन्हा मशीन, मंगळवारी पुन्हा. अण्णा बाहेरच्या बाकावर झोपला; डॉक्टरांशी बोलायला आत मीच जायची. मी घरी जाऊन फ्रीजर रिकामा केला. साच्यात सहा खडे उरले होते. ते मोरीत टाकले आणि ते विरघळून जाईपर्यंत तिथेच बसून राहिले. अक्का जिन्यात भेटल्या आणि आईची चौकशी केली. झाडाबद्दल मी त्यांना सांगू शकले नाही. नंतर सांगितलं, आणि त्या ओट्यावर मटकन बसल्या. पण तेव्हा माझ्याच्यानं झालं नाही.

बुधवारी सकाळी आईनं डोळे उघडले आणि मला माझ्या नावानं हाक मारली. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. मग तिला अण्णा दिसला. तो पलंगाजवळच्या स्टुलावर बसला होता, मी पायाशी उभी होते.

"रविवारी तूच आठवण काढत होतास ना?" आई म्हणाली. "दुपारभर."

तिला तेवढंच आठवत होतं. शाळेमागचं झाड नाही, चुरा नाही, ऑटो नाही. फक्त उचकी, आणि अण्णाच्या नावाला ती थांबली ते अर्धं मिनिट.

अण्णानं लगेच हो म्हटलं नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना दोष. तो म्हणाला, "मी रोजच काढतो. तुला उचकी रविवारीच कशी लागली?"

आईनं मान वळवली ती माझ्याकडे. घरात काही कळलं नाही की ती माझ्याकडेच बघते, मी मोजते म्हणून. अण्णाही माझ्याकडे बघायला लागला. मी गप्प राहू शकले असते. आईचं समाधान झालं असतं, अण्णाला बरं वाटलं असतं, आणि माझं पाप वहीत मिटून राहिलं असतं. खरं तर मी गप्पच राहायचं ठरवलं होतं. पण त्या दोघांचे चेहरे बघून माझ्याच्यानं राहवलं नाही.

"ती उचकी अण्णाची नव्हती," मी म्हणाले. "माझ्या बर्फाची होती. कमरक तुझ्यासारख्या पेशंटला विष असतं. मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नाही. मीच दिलं तुला. उचकी लागल्यावर आणखी दोन खडे दिले. तू अण्णाला फोन कर म्हणालीस, तोही मी केला नाही. तू मेली असतीस आई, माझ्या हातानं."

शेजारच्या पलंगावरच्या बाई आपलं सफरचंद खायच्या थांबल्या. मी आईच्या ओरडण्याची वाट बघत होते. अण्णा काय म्हणेल ते तर मला पाठ होतं, माझंच वाक्य होतं ते, त्यानं नुसतं परत करायचं होतं.

आई त्याच्याकडे वळली. "रोज काढतोस?"

"हो."

"मग येत का नव्हतास?"

"तू दार उघडशील असं वाटलं नाही."

आईनं त्याचा हात धरला. सुयांनी काळानिळा झालेला तिचा हात त्याच्या हातात बराच वेळ राहिला, आणि मला वाटलं की मी जे बोलले ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. पुन्हा सांगावं लागणार, पुन्हा पहिल्यापासून. मी पलंगाची दांडी धरली.

"तिला बसायला दे," आई अण्णाला म्हणाली. "केव्हाची उभीच आहे ती."

अण्णा उठला आणि त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी त्याला म्हणाले, "अण्णा, तेव्हा मी तुला तसं बोलायला नको होतं."

"आधी बस," तो म्हणाला.